पाण्यात जाऊ नोको

बरेच दिवस इकडे काही लिहिलं नाही. लिहायला बसलो की आई आठवायची आणि लॅपटॉप मिटायचो. कारण या पानावर जे येतं ते आत्याचा मुलगा आईला मोबाईलवर मोठ्याने वाचून दाखवतो (तू वाचतो आहेस हे मला माहीत आहे रे बाबा!), आणि या वेळचं तिला आवडणार नाही हेही माहीत आहे. पण आता दिवाळीला दिघोरीत आलोय. भाऊबीज झाली, पाहुणे गेले, धान कापणीला आलंय आणि ओसरीवर जरा शांतता आहे. म्हणून लिहून टाकतो.

(नव्या वाचकांसाठी: ही नागपूरच्या उमरेड रोडवरची दिघोरी नव्हे. ही भंडारा जिल्ह्यातली, लाखांदूर तालुक्यातली मोठी दिघोरी. नागपुरात ऑटोवाल्याला नुसतं 'दिघोरी' म्हटलं की तो भलतीकडे वळतो, हा विनोद आमच्या घरात तीस वर्षं चालू आहे.)

तर झालं असं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, गावाकडची रोवणी आटोपल्यावर, मी आठ दिवस रामेश्वरला जाऊन आलो. आईला 'रामेश्वरला जातो' एवढंच सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. तिने लगेच देवघरातून गंगाजलाची छोटी कुपी काढून दिली. काशीची गंगा रामेश्वराला घालायची आणि तिथली सेतूची वाळू प्रयागला नेऊन सोडायची, ही आपल्याकडची जुनी रीत. नाथांनी कावडीतलं गंगाजल वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजलं ती गोष्टही तिने पुन्हा एकदा ऐकवली. मी कुपी बॅगेत घातली. बॅगेत तिच्या शेजारी पोहण्याची चड्डी होती, ते सांगितलं नाही.

मी गेलो होतो समुद्रकाठी तंबूत राहायला आणि काइटसर्फिंग शिकायला.

आता हा काय प्रकार, हे आधी सांगतो. एक मोठा पतंग असतो. मोठा म्हणजे नऊ, बारा चौरस मीटरचा, आपल्या एखाद्या खोलीएवढा. त्याची पुढची कड सायकलच्या ट्यूबसारखी पंपाने हवा भरून फुगवतात, म्हणजे तो पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि पुन्हा उडवता येतो. ही युक्ती फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंची. त्यांनी १९८४ साली तिचं पेटंट घेतलं. पतंगाला वीसेक मीटर लांबीच्या चार दोऱ्या, त्या एका दांडीला जोडलेल्या, आणि दांडी तुमच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली. पायाखाली फळी. वारा पतंगाला ओढतो, पतंग तुम्हाला ओढतो आणि तुम्ही पाण्यावरून घसरत जाता. ऐकायला सोपं आहे. :)

रामेश्वर यासाठी का? नकाशा काढून बघा. पांबनचं बेट म्हणजे समुद्रात पुढे केलेली जमिनीची एक बारीक पट्टी. तिच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचं आखात. तिथले मच्छीमार शांत बाजूला बाईसमुद्र आणि खवळलेल्या बाजूला पुरुषसमुद्र म्हणतात. नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत आपल्याकडे धो धो पाऊस असतो, तिथे मात्र पाऊस नाही, नुसता वारा. दिवसच्या दिवस, पंधरा ते वीस नॉट, म्हणजे ताशी अठ्ठावीस ते सदतीस किलोमीटर. दक्षिणेकडून पट्टी ओलांडून तो वारा उत्तरेच्या उथळ पाण्यावर येतो, तिथे लाटा जवळजवळ नसतात. हिवाळ्यात वारा फिरला की हाच हिशेब उलटा होतो. म्हणून वर्षातून दोनदा हंगाम. आणि दोन्ही अंगांना प्रवाळ. मन्नारच्या बाजूला रामेश्वरपासून तुतिकोरीनपर्यंत एकवीस बेटांची माळ आणि त्यांच्याभोवती प्रवाळाच्या कडा. पाल्कच्या बाजूलाही किनाऱ्याला समांतर अशी एक कड आहे.

मुक्कामाबद्दल सांगायचं तर, नव्हतंच काही. सहा तंबू, ताडाच्या झापांचं एक छप्पर, त्याखाली स्वयंपाक. सुरूची चार झाडं. वाळूत तंबूच्या खुंट्या ठरत नाहीत, त्यामुळे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात वाळू भरायची, पोतं हातभर खोल पुरायचं आणि त्याला दोरी बांधायची. पहिल्या रात्री मी पोतं वीतभरच पुरलं. पहाटे दोन वाजता तंबू माझ्या अंगावर होता. आंघोळीला माणशी एक बादली गोडं पाणी. संडास म्हणजे झापांचा आडोसा. दिवे आठ वाजता बंद. जेवायला भात, रस्सम आणि सकाळी जे मिळालं असेल ते मासे. शेजारच्या वस्तीतली एक अक्का रांधायची. तिला मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही, पण ती भात वाढताना थांबायची नाही ते कळायला भाषा लागत नाही. आम्ही भंडाऱ्याची माणसं, भात आम्हाला समजतो. आणि वाळू. भातात वाळू, कानात वाळू, टूथब्रशवर वाळू. घरी परत आल्यावर पंधरा दिवसांनीही बॅगेतून मूठभर निघाली. आईला म्हटलं, ही घे सेतूची वाळू. तेही खोटं नव्हतं.

एक दिवस वारा पडला तेव्हा धनुष्कोडीला गेलो. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या वादळाने ते गाव पुसून टाकलं. पांबनहून निघालेली प्रवासी गाडी आतल्या शंभरावर माणसांसकट समुद्राने नेली. स्टेशनच्या आणि चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. सरकारने गाव राहण्यास अयोग्य ठरवलं, तरी मच्छीमारांची काही घरं झोपड्या घालून तिथेच आहेत. त्यांच्या झोपड्यांजवळ वाळूत हात-दोन हात खोल खड्डे पाहिले. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आणि आत गोडं पाणी! आपल्याकडे उन्हाळ्यात चुलबंदच्या रेतीत झिरे खणतात तेच. मी ओंजळभर पिऊन पाहिलं आणि का कोण जाणे, गळ्याशी आलं. इतक्या लांब येऊन आपलीच विद्या भेटावी!

आता ज्या कारणाने हे लिहायला घेतलं ते.

शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी विचारलं, "पोहता येतं का?" मी हो म्हटलं. हो म्हणताना इकडेतिकडे पाहिलं, कोणी घरचं ऐकत नाही ना म्हणून. वय वर्षं त्रेचाळीस! पोहणं मी अडतिसाव्या वर्षी नागपूरच्या एका तरणतलावात शिकलो, घरी न सांगता. ओला टॉवेल ऑफिसच्या कपाटात वाळवायचो. लोक ज्या गोष्टी लपवतात त्यांच्या यादीत पोहणं नसतं, पण आमच्या घरात होतं.

कारण आमच्या घरातले सगळे जाणतातच, पण ब्लॉगवरच्या मित्रांना मी कधी सांगितलं नाही. १९८९ च्या पोळ्याला मोठेबाबांचा मुलगा, आमचा दादा, बैल धुवायला तलावावर गेला होता. तो अकरा वर्षांचा, मी सात. मी पाळीवर बसून बैलांच्या शिंगांना लावायचा रंग सांभाळत होतो. तलावात एका बाजूला मुरूम खणून नेलेला होता, तिथे एकदम खोल. दादा बैलाच्या शेपटीला धरून होता. बैल वळला, हात सुटला. माझ्या डोळ्यांसमोर. मी ओरडलो की नाही हे मला आजही आठवत नाही. ढिवर वस्तीतले दोघे धावत आले, त्यांनी बुड्या मारून काढला, पण उशीर झाला होता. त्या वर्षी आमच्या बैलांना रंग लागला नाही.

त्या दिवसापासून घरात एक वाक्य आलं. पाण्यात जाऊ नोको. शाळेला जाताना, शेतावर जाताना, मामाच्या गावी जाताना, कुठेही जाताना. आई म्हणायची, मोठी आई म्हणायची, आजी म्हणायची. आमच्यानंतर घरात नऊ पोरं झाली. नवांपैकी एकालाही पोहता येत नाही. आणि तलाव? तो आहे तिथेच आहे, आमच्या वाड्यापासून दोनशे पावलांवर. शिवारात बोड्या आहेत, कालवा आहे, पुढे चुलबंद आहे, वैनगंगा आहे. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा असं शाळेच्या पुस्तकात आम्हीच पाठ केलेलं. ज्या मालगुजारी तलावांचा आपण अभिमान सांगतो ते बांधले कोहळ्यांनी, आणि त्यांतले मासे, त्यांचं खोल-उथळ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं ढिवरांनी. पाण्याच्या इतक्या जवळ राहून पाण्यासमोर आपण इतके अडाणी कसे?

माझं मत सरळ आहे. आपण पोरांना पाण्यापासून वाचवायला जातो आणि नेमकं उलटं करतो. 'जाऊ नको' याने पोर पाण्यापासून दूर राहत नाही. ते गुपचूप जातं, एकटं जातं, आणि काही येत नसताना जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली. भारतात दरवर्षी तीस हजारांच्या वर. यातले फारच थोडे समुद्रात सहलीला गेलेले असतात. बाकीचे विहिरीत, तळ्यात, नदीवर, रोजच्या वाटेवरचे. दादासारखे.

आणि उपाय फार महागडा नाही. बांगलादेशात, जिथे घराघरापुढे तळं आहे, तिथे गावच्या तळ्यातच बांबूचं मचाण बांधून, पाण्याखाली ठरावीक खोलीवर बांबूचा तळ करून मुलांना पोहायला शिकवतात. तरणतलाव नाही, फरशी नाही, शिट्टी घातलेला कोच नाही. गावातलाच शिकवलेला माणूस, आणि बांबू. बांबूची आपल्याकडे काय कमी आहे?

हे सगळं मला तिकडे तंबूत पडल्या पडल्या सुचलं असं म्हणणार नाही. सुचलं ते गुडघा फुटल्यावर.

काइटसर्फिंगमध्ये पहिले दोन दिवस फळी मिळतच नाही. आधी वाळूवर छोटा पतंग. पतंग डोक्यावर बाराच्या काट्याला ठेवला तर ओढ कमी. तो खाली मधोमध आणला तर बैलाच्या हिसक्यासारखी ओढ. मग पाण्यात नुसतं अंगावर ओढून घ्यायचं. आणि हे सगळं शिकवताना दिवसातून पन्नास वेळा एकच सूचना: गडबड झाली की दांडी सोड. दांडी सोडली की पतंगातला जोर जातो. तरी नाही थांबलं तर पट्ट्यावरची लाल कळ ढकल, पतंग तुझ्यापासून सुटा होतो. इतकं सोपं. पण नवा माणूस नेमकं उलटं करतो. घाबरला की घट्ट धरतो. जितकं घट्ट धरावं तितका पतंग जोरात ओढतो, आणि जितका ओढतो तितकं हा आणखी घट्ट धरतो.

पाचव्या दिवशी मी तेच केलं. वाऱ्याचा एक झोत आला, पतंग खाली आला, मी दांडी छातीशी धरली आणि वीस-तीस मीटर फरफटत उथळ खडकावर गेलो. जुन्या, मेलेल्या प्रवाळाचा खडक तो. गुडघ्याला पाच टाके. चूक सर्वस्वी माझी. शिकवणारा मागून कंठशोष करत होता, सोड, सोड! मला ऐकू येत होतं. हात ऐकत नव्हते.

टाके घातल्यावर तीन दिवस पाणी बंद. तंबूत पडून होतो तेव्हा आई आठवली. मोठी आई आठवली. छत्तीस वर्षं त्यांनी दांडी छातीशी धरून ठेवली आहे. त्यांना दोष देत नाही. ज्या बाईचं पोर तलावाने नेलं तिने पुतण्यांना तलावावर पाठवावं असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? पण भीती म्हणजे काळजी नव्हे, एवढं मला त्या टाक्यांनी शिकवलं. तिकडे काळजी किती घेतात! वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल तर मदतीची बोट तयार असल्याशिवाय कोणाला पाण्यात सोडत नाहीत. शिरस्त्राण, तरंगणारं जाकीट, सुटायची कळ रोज तपासायची, एकट्याने जायचं नाही, अंधाराच्या आत परत. भिणारा माणूस यातलं काही करत नाही. तो फक्त 'जाऊ नको' म्हणतो आणि डोळे मिटतो. आमच्या तलावातला तो मुरमाचा खड्डा कुठे आहे हे आजही एकाही पाटीवर लिहिलेलं नाही. छत्तीस वर्षांत आम्ही पोरांना बंदी केली, पण चार बांबू रोवून खूण करायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

कोणी म्हणेल, समुद्रावरचे खेळ समुद्रवाल्यांचे, आपण कशाला? तर ऐका. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये काइटचा खेळ पहिल्यांदा आला. शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या. पुरुषांचं सुवर्णपदक कोणाला? ऑस्ट्रियाच्या व्हॅलेंटिन बोंटसला. ऑस्ट्रियाला समुद्रच नाही! आणि घरचं उदाहरण हवं तर २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली शेतकऱ्याची मुलगी. शिकली कुठे, तर भोपाळच्या तलावावर. भोपाळचा तलाव! आपल्याकडून समुद्र लांब आहे म्हणून रडायचं कारण नाही. तसंही चुलबंदचं पाणी वैनगंगेला, तिथून प्राणहितेला, गोदावरीला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जातं. आपणच मागे राहिलो.

आता दुसरा मुद्दा, आणि इथे काही मित्र रागावतील. गोसीखुर्दच्या जलाशयावर मोठा जलपर्यटन प्रकल्प मंजूर झाला आहे. अंभोऱ्याचा पूल झाल्यापासून तिकडे गाड्यांची रीघ आहेच. बोटी येणार, रिसॉर्ट येणार. येऊ द्या. पण रामेश्वरला जे पाहिलं त्यावरून मला वाटतं, जितकं साधं तितकं बरं. तो मुक्काम उठवला तर दुसऱ्या दिवशी तिथे पोती पुरल्याच्या खड्ड्यांशिवाय काही उरणार नाही. काँक्रीटचं तसं नसतं. मन्नारच्या आखातात पूर्वी प्रवाळ खणून चुन्याला आणि सिमेंटला न्यायचे. १९८६ साली राष्ट्रीय उद्यान झालं, २००१ साली प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. एकविसांतली दोन बेटं पाण्याखाली गेली. कड गेली की बेटाला लाटांपासून राखणारं कोणी उरत नाही. आणि दगडासारखे ते गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतात. माझा गुडघा महिन्याभरात भरला.

आपल्या तलावांत प्रवाळ नाहीत, पण त्यांचंही एक घर आहे. शेजारच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बायकांनी तलावांतली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, त्यावर मासे परतले, पाखरं परतली. हे काम वर्षानुवर्षांचं. एखादी बेफाम मोटरबोट आणि चार खोल्यांचं सांडपाणी ते दोन हंगामांत घालवेल.

इथे मला स्वतःलाच एक टोमणा मारून घेऊ द्या, नाहीतर आमचा एक ब्लॉगर मित्र प्रतिक्रियेत मारेलच. साधेपणाचं कौतुक ज्याच्याकडे पक्कं घर आहे त्याला सुचतं. मोठ्या आईने उभा जन्म एका बादलीत आंघोळ केली, डोक्यावरून पाणी आणलं, झापाच्या आडोशाला गेली. तिला जर म्हटलं की यासाठी मी पैसे मोजून इतक्या लांब गेलो, तर ती माझी नजर उतरवेल. नाइलाजाने करावं लागतं त्याला कोणी कॅम्पिंग म्हणत नाही. मान्य. म्हणूनच माझं म्हणणं असं नाही की गाववाल्यांनी झोपडीत राहावं आणि शहरवाल्यांनी येऊन फोटो काढावेत. माझं म्हणणं इतकंच की पाहुण्यासाठी बांधायचं ते हलकं असावं, आणि त्याचा पैसा ज्यांना ते पाणी कळतं त्यांच्या हातात जावा. रामेश्वरच्या मुक्कामात मदतीची बोट चालवणारा मच्छीमाराचा मुलगा होता. वारा फिरणार हे तो आभाळाकडे न बघता सांगायचा. आपल्याकडे तोच मान ढिवराच्या डोंग्याला मिळाला पाहिजे. त्याला रिसॉर्टच्या दारात वॉचमन करून ठेवाल तर प्रकल्प वाया गेला असं मी समजेन. आणि ज्यांची गावं त्या धरणाच्या पाण्याखाली गेली त्यांच्या पोरांना निदान त्या पाण्यात पोहता तरी यावं. बोटींच्या आधी ते.

असो. व्याख्यान पुरे.

घरी काय झालं ते सांगायचं राहिलं. गुडघ्याला टाके आणि हातात पतंगाची दांडी असा एक फोटो मित्राने टाकला, तो आत्याच्या मुलाने पाहिला आणि आईला दाखवला (धन्यवाद रे!). आईने दोन महिने नीट बोलणं टाकलं. दिवाळीला आलो तेव्हा पहिलं वाक्य, "काहाले गेलता गा पान्यात?" मी म्हटलं, गंगा रामेश्वराला घातली. घातली होतीच, टाके काढायच्या आदल्या दिवशी लंगडत देवळात जाऊन. बावीस कुंडांची स्नानं मात्र टाक्यांमुळे चुकली. ती काही बोलली नाही. चहा दिला, पण साखर न विचारता.

काल संध्याकाळी मोठी आई ओसरीवर आली. आता ऐंशीच्या पुढे आहे. मी ठरवलं होतं तिला सांगायचं म्हणून, पण तोंड उघडेना. शेवटी माझ्या मुलीनेच सांगून टाकलं. नऊ वर्षांची आहे. म्हणाली, मोठी आजी, बाबांना पोहता येतं, मलाही शिकायचंय, बाबा म्हणतात तुम्हाला विचारून. आईच्या हातातली सुपातली डाळ थांबली. मोठी आई बराच वेळ तलावाच्या दिशेला पाहत होती. ओसरीवरून तलाव दिसत नाही, मधे घरं झाली आहेत. मला वाटलं आता उठून जाईल.

मग म्हणाली, "त्या दिवशी ज्यायनं काढला ना बापू, त्यायच्यातला एक अजून हाये. त्याले इचार, शिकवते का पोरीले."

आज सकाळी मी ढिवर वस्तीत जाऊन आलो. म्हातारा आता दम्याने बसूनच असतो, पण त्याचा नातू तयार आहे. आम्ही दोघं डोंग्यातून तलावात जाऊन बांबूने खोली मापून आलो. मुरमाचा खड्डा पूर्वीपेक्षा गाळाने थोडा भरलाय, तरी बांबू पूर्ण आत जातो. चार खुणेचे बांबू आज रोवले. त्यांना लाल फडकी बांधायची आहेत, ती मुलगी कापते आहे. मचाणाचं उन्हाळ्यात बघू, पाणी कमी झालं की. तोवर कडेच्या कमरभर पाण्यात, ऊन असताना, नातवाच्या नजरेखाली.

वाचणाऱ्यांपैकी कोणी गावच्या तळ्यात मुलांना शिकवण्याचा असा काही प्रयत्न केला असेल तर जरूर लिहा. मचाण किती खोलीवर घ्यावं, बांबू किती वर्षं टिकतो, गावाची परवानगी कशी घेतली, सगळंच हवंय. आणि आत्याच्या मुला, हे आईला वाचून दाखवशील तेव्हा 'टॉवेल ऑफिसच्या कपाटात' ते वाक्य गाळ.

नाहीतर राहू दे. वाच.